पाणी वाचवायला फ्लश टाकी घेतली आणि नळाचं बिलच वाढलं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन बटणांची फ्लश टाकी गळते, वॉरंटीत असून बदलून मिळत नाही

नमस्कार,

मी दर्यापूरहून लिहितेय, जिल्हा अमरावती. फोनवर तीनदा बोलून झालं, प्रत्येक वेळी नवीन ताई आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवते, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही चौघी एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी बँकेत, दोघी शाळेत, एक सरकारी दवाखान्यात नर्स. नळाला मीटर आहे, बिल चार भागात. नळ एक दिवसाआड येतो, गच्चीवर हजार लिटरची टाकी, ती भरली की दोन दिवस त्यावरच काढायचे. बिल महिन्याला 13 युनिटच्या आसपास, म्हणजे तेरा हजार लिटर, सव्वातीनशे रुपये. तेही कमी करायचं म्हणून आम्ही जानेवारीपासून मागे लागलो होतो. शॉवर बंद, बादलीनं अंघोळ. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला. आणि आमच्याकडे घरोघरी जी सवय असते, नळ आला की कालचं पाणी शिळं झालं म्हणून भरलेले गुंड मोरीत ओतायचे, ती मोडली. (ही मोडायला सगळ्यात जास्त भांडण झालं, एक मॅडम अजूनही डोळा चुकवून ओततात.)

मग तुमची जाहिरात पाहिली, छोटं बटण 3 लिटर, मोठं बटण 6 लिटर. आमची जुनी टाकी एका दमात 10 लिटर ओतायची. चौघींचे मिळून दिवसाला वीसेक फ्लश धरा, जुन्या टाकीत 200 लिटर, तुमच्या टाकीत फार तर 75. हिशोब मीच मांडून दाखवला होता म्हणून तर आता मलाच ऐकून घ्यावं लागतं. 6 मार्चला घेतली, टाकी 2850, बसवायचे 400, घरमालक काकूंनी परवानगी दिली पण पैसे नाही, वर्गणी आमचीच.

एप्रिलचं बिल आलं 18 युनिट. मेचं पण 18. पैशात पाहिलं तर सव्वाशे रुपये जास्त, तुम्हाला वाटेल एवढ्यासाठी कोणी पत्र लिहितं का. पण गच्चीवरची टाकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच कोरडी पडायला लागली, नळ तर तिसऱ्या दिवशी, आणि ऐन मे महिन्यात ऊन कसं असतं इकडचं ते वेगळं सांगत नाही. दोनदा छोटा टँकर बोलावला, पाचशे पाचशे रुपये. काकूंना विचारलं तर त्या म्हणे, "चार पोरी रायतात, पानी त लागनच नं बाप्पा."

आणि खरं वाईट झालं ते असं की आम्ही एकमेकींवरच संशय घ्यायला लागलो. नर्स ताई रोज युनिफॉर्म धुते, तर बोट तिच्याकडे. मी पण बोलले, खोटं कशाला सांगू. ती काही बोलली नाही, दवाखान्यातूनच कपडे धुऊन आणायला लागली.

मग तीच एका रात्री दोन वाजता ड्युटीवरून आली, सगळं घर झोपलेलं, आणि तिला बाथरूममधून बारीक सूंऽऽ असा आवाज आला. नळ सगळे बंद. सकाळी तिनं युनिफॉर्मला लावायची निळेची बाटली आणली आणि फ्लश टाकीचं झाकण काढून चार थेंब आत टाकले. बटणाला कोणी हात लावला नाही. पाच मिनिटांत कमोडच्या आतल्या मागच्या बाजूवरून निळी रेघ उतरली, दोऱ्याएवढी. पांढऱ्यावर साधं पाणी दिसतच नव्हतं दोन महिने. मग खालचा अँगल कॉक, म्हणजे फ्लश टाकीत पाणी सोडणारी छोटी तोटी, बंद केला आणि घड्याळ लावून बसलो, भरलेली सहा लिटरची टाकी अर्ध्या तासात रिकामी. म्हणजे तासाला 12 लिटर, दिवसाला 288. फ्लशमध्ये 125 लिटर वाचवले आणि गळतीत 288 घालवले, रोजचे 163 जास्त, महिन्याचे पाच युनिट होतात बरोबर. बिलाशी ताडून पाहा.

गावातल्या प्लंबरला दाखवलं. तो म्हणे, "ह्याचं वॉशर बसतच नाई हो ताई, वरून दाबून धरलं का बंद होते, सोडलं का चालू." पण उघडलं तर वॉरंटी जाईल म्हणून त्यानं हात लावला नाही, पैसे पण घेतले नाही.

12 मेला तुमच्याकडे तक्रार नोंदवली. 23 मेला तुमचा माणूस आला, त्यानं टाकीकडे कमी आणि पत्त्याकडे जास्त पाहिलं. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, खाऱ्या पाण्यानं वॉशर खराब झालं, खारं पाणी वॉरंटीत बसत नाही, असं म्हणाला. आता दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको, इथल्या बोअरचं पाणी जिभेला लावून बघा. पण आमच्या घराला बोअरच नाही! नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, ते गोड आहे. त्याच माणसाला मी त्याच नळाचं ग्लासभर पाणी दिलं, तो प्याला, अजून अर्धा ग्लास मागितला, आणि कागदावर मात्र 'खारे पाणी, वॉरंटी लागू नाही' लिहून 350 रुपये व्हिजिट चार्ज घेऊन गेला. कागदाचा फोटो जोडला आहे.

तर आमचं म्हणणं एवढंच की आतला फ्लश व्हॉल्व्ह वॉशरसकट नवीन द्या आणि आमच्यासमोर निळ टाकून तपासून दाखवा, किंवा टाकी घेऊन जा आणि 2850 परत करा. व्हिजिटचे 350 परत पाहिजेत. दोन बिलांचा फरक अडीचशे आणि टँकरचे हजार, हेही मागतेय. बिलं आहेत, टँकरवाल्याची चिठ्ठी आहे, निळ्या रेघेचा व्हिडिओ आहे.

पंधरा दिवस वाट पाहीन. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार टाकणार, आणि तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, बँकेत बसते मी, कागद जपून ठेवायची सवय आहे.

तोपर्यंत अँगल कॉक बंद आणि बादली-मग चालू. माणूस पाठवाल तर नळाच्या दिवशी सकाळी पाठवू नका, तेव्हा पाणी भरायची घाई असते. आणि वॉशर सोबत घेऊनच पाठवा, नुसतं पाहायला नको.

आपली,
वरच्या मजल्यावरच्या चौघींतर्फे
दर्यापूर, 9 जून