आई-बाबांना, कंपवाताबद्दल आणि आपल्याबद्दल

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

नेरूळ ते ठाणे काय लांब आहे, ट्रान्सहार्बरची गाडी पकडली की आलेच, तरी पत्र लिहितेय. कारण फोनवर बाबा "बरंय" एवढं म्हणतात आणि फोन तुझ्याकडे येतो आई, आणि बाबा शेजारीच बसलेत म्हणून तू पण धड काही बोलत नाहीस. घरी आले की छोटी मधे मधे करते, चहापाणी, जेवण, की निघायची वेळ. पत्र कसं, दोघांनी आपापलं वाचता येतं आणि परत काढूनही वाचता येतं.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात "आता काय उरलंय". ते वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. तलावपाळीची संध्याकाळची फेरी बंद केलीत, कोपिनेश्वराला जाणं बंद, आणि आत्याकडच्या लग्नालाही नको म्हणालात कारण पंगतीत हातातला चमचा थरथरला तर सगळे बघतील. आजाराने तुमचं काही घेतलंय हे मला दिसतं, मी ते नाकारत नाही. पण जेवढं आजाराने घेतलं त्याच्यापेक्षा जास्त आपण स्वतःहून सोडून देतोय असं मला मनापासून वाटतं आणि तेवढंच सांगायला हे सगळं लिहितेय.

आधी आजाराचं. डॉक्टरांनी सांगितलं पण बाहेर एवढी गर्दी होती की पाच मिनिटांत कितीसं सांगणार, म्हणून मी वाचत बसले. आपल्याकडे आयुर्वेदात याला कंपवात म्हणतात, आणि १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने याच्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं म्हणून त्याच्याच नावाने याला पार्किन्सन्स म्हणतात. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि हालचालीवरचा ताबा त्या डोपामीनवर असतो. हात थरथरायला लागेपर्यंत त्या पेशींचा मोठा भाग आधीच गेलेला असतो, म्हणजे हे आत्ताचं नाही, कितीतरी वर्षं आतल्या आत चाललेलं होतं.

आई, हे तुझ्यासाठी लिहितेय, नीट वाच. तुला आठवतंय, बाबांना फोडणीचा वासच कळेनासा झाला होता? तू हिंग घालो, लसूण घालो, त्यांचं काही नाही, आणि तुला वाटायचं की केलेल्याचं कौतुकच नाही माणसाला. वास जाणं हे या आजाराचं खूप आधीचं लक्षण आहे, थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी ते येऊ शकतं. झोपेत ओरडणं, हात झाडणं, ते पण त्यातलंच, बद्धकोष्ठ पण. आणि आता तू म्हणतेस ना की हे सारखे रागावल्यासारखे बसतात, नातीने चित्र दाखवलं तरी हसत नाहीत, अगं त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू ताठर झालेत. आत हसू येतं पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आवाजाचं पण तेच, त्यांना वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय आणि तुला वाटतं तोंडातल्या तोंडात पुटपुटतायत. म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांवर रुसून बसलायत आणि दोघांचीही चूक नाही. आई, चेहऱ्यावरून अंदाज बांधू नकोस, सरळ विचार, "आवडलं का?" आणि बाबा, तुम्ही पण तोंडाने सांगा, जरा मोठ्याने, एवढं कराच. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून आईला ऐकवायचा. आवाजाचा व्यायाम हा या आजारातला खरोखरचा उपचार आहे, स्पीच थेरपीवाले हेच करून घेतात, मुद्दाम मोठ्याने बोलायला लावतात.

आता गोळ्या. लेव्होडोपाची गोळी, म्हणजे मेंदूत जाऊन ज्याचं डोपामीन होतं ते औषध, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असं सांगितलंय ते उगाच नाही. डाळ, अंडी, पनीर यातली प्रथिनं पचली की आतड्यातून रक्तात जायला गोळी जो दरवाजा वापरते तोच वापरतात, मग संध्याकाळच्या ठाणे स्टेशनसारखं होतं, सगळे एकाच डब्यात चढायला बघतात आणि गोळी फलाटावरच राहते. म्हणून कधी गोळी लागू पडते आणि कधी पडत नाही असं तुम्हाला वाटतं. वेळा लिहून ठेवा, कधी हात मोकळा वाटला, कधी जखडला, ती वही डॉक्टरांना दाखवू म्हणजे त्यांना डोस ठरवायला सोपं जाईल. मनाने गोळी एकदम बंद मात्र अजिबात करायची नाही, ते धोक्याचं आहे.

काकांनी पाठवलेल्या चूर्णाबद्दल. मी हसणार नाही त्याला, कारण त्यात खाजकुहिलीचं बी आहे आणि त्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असतं, आपल्या जुन्या वैद्यांना ते माहीत होतं ही केवढी मोठी गोष्ट. पण म्हणूनच ते गोळीच्या जोडीला गुपचूप घेऊ नका, एकाच गोष्टीचा डबल डोस होईल आणि चक्कर, उलट्या, अंग आपोआप वेडंवाकडं हलणं असं काहीही होऊ शकतं. डबी घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, त्यांना विचारू. नवीन काही ऐकायला मन मोकळं असावं हे बरोबरच, पण पोटात घालण्याआधी विचारायचं.

आणि चालण्याचं, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही म्हणून मी घाबरत होते, पण तुम्ही जिना चढून येता आणि घरात आल्यावर हॉलच्या दाराशी पाय खिळल्यासारखे उभे राहता. आईला ते ढोंग वाटलं होतं आधी, राग मानू नकोस आई, कोणालाही तसंच वाटेल. पण हे खरंच असंच असतं! पुण्याची मिलेहा सोनेजी नावाची एक डिझायनर आहे, तिच्या काकांना हाच आजार. ते सपाट जमिनीवर अडखळायचे आणि जिना मात्र सरसर उतरायचे, ते तिने पाहिलं, आणि घरातल्या जमिनीवर पायऱ्या आहेत असा भास होईल असं चित्र चिकटवलं, तर काका त्यावरून न थांबता चालले. डोळ्यांना पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. तिच्या काकांनी चारचौघात चहा पिणं सोडलं होतं, सांडतो म्हणून. तिने त्यांच्यासाठी असा कप केला की हात थरथरला तरी आतला चहा बाहेर येत नाही. बाबा, तुमच्याच मनातलं दुःख होतं ना ते, आणि कोणीतरी त्याच्यावर वैतागायच्या ऐवजी नीट बघत बसलं म्हणून उपाय सापडला.

आपण साध्या रंगीत टेपच्या पट्ट्या लावू, हॉलच्या दारापासून बाथरूमपर्यंत आडव्या. ठेक्यावरही पाय उचलतो, म्हणून पाय अडकला की मनातल्या मनात नको, तोंडाने "ज्ञानोबा माऊली तुकाराम" म्हणायचं आणि त्या तालावर पाऊल टाकायचं. भजनी मंडळात एवढी वर्षं टाळ वाजवलाय तुम्ही, ताल कुठे जाणार नाही. आई, पाय अडकल्यावर हात धरून ओढू नकोस, तोल जातो, नुसती शेजारी उभी राहून ठेका दे.

हा आजार पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, आणि मी होईल म्हणून सांगणारही नाही, तुम्हाला खोटं आवडत नाही. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, तुमचा काय असेल ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही. मला आशा आहे ती वेगळी. तुम्ही लग्नात पंगतीला बसावं, छोटीच्या सायकलची चेन बसवून द्यावी, आईशी भांडावं पण मोठ्याने. आणि बाबा, हे जे काही नकोसं वाटतं, सकाळी उठावंसं वाटत नाही, ते तुमचं मन कमजोर आहे म्हणून नाही. ज्या रसायनांचा हा आजार आहे त्यांचा मनाशीही संबंध आहे, उदासपणा हे सुद्धा याचंच लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांना मी ते सांगणार आहे, तुमच्यासमोरच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वागळे इस्टेटमधली तुमची कंपनी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. फिटर माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, थकलेला पगार पण मिळाला नव्हता. तुम्ही महिनाभर गप्प होतात आणि मग एक दिवस शेजारच्यांचा मिक्सर उघडून बसलात. मग घरघंट्या, मग पाण्याच्या मोटरी, आणि त्यावर आमची दोघांची शिक्षणं झाली. म्हणून म्हणते, टेपच्या पट्ट्यांमधलं अंतर किती, बाथरूममध्ये धरायचा दांडा कुठल्या उंचीवर, चमच्याची मूठ जाड कशी करायची, हे मी नाही ठरवणार. मोजमाप तुमचं. ड्रिल मशीन मी धरीन.

अजून एक. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, त्यांचे गट चालतात, पेशंट आणि घरचे एकत्र बसतात, व्यायाम करतात, बोलतात. पुण्यात तर पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आणि तिथे हृषीकेश पवार नावाचे नर्तक पेशंट लोकांना नाच शिकवतात! नाच नको तर नको बाबा, पण एकदा जाऊन बसूया. तिथे कोणी तुमच्या हाताकडे बघणार नाही, सगळ्यांचेच हलतात. आई, तू पण यायचंस, कारण तुझं कोण ऐकतं? तुझी झोप होत नाही हे मला कळतं. रविवारी दुपारी मी बाबांजवळ बसेन, तू मावशीकडे जा, गडकरीला नाटक बघ, काहीही कर, फक्त घराबाहेर पड.

शनिवारी संध्याकाळी येतेय. टेप आणि दोन-तीन रंग घेऊन येते, बाबा, तुमची मेजरिंग टेप कपाटातून काढून ठेवा. या पत्राबरोबर एक दुरेघी वही पाठवतेय, पहिलीतल्या पोरांची असते ना तशी. या आजारात अक्षर बारीक होत जातं आणि दोन रेषांच्या मधे लिहिलं की मोठं येतं. मला उत्तर त्यातच लिहा, आजीच्या गावच्या विहिरीचं तुम्ही सांगता ते लिहा, किंवा काहीही, पण रोज अर्धं पान. पत्र पोस्टात टाकायला आईला सांगू नका, पोस्टाची पेटी खालीच आहे, तुम्हीच जा.

तुमची,
ताई