मॉन्मोरान्सीची भट्टी आणि आपली

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

"आण्णा, तुम्ही गलाईवाले म्हणजे किमयागारच की!" असं लिहून तू त्या जपानी मालिकेची लिंक पाठवलीस आणि विचारलंस, त्यातला किमयागार नायक मॉन्मोरान्सी खरंच होऊन गेला का. 'युलिसीझ'चे सुरुवातीचे भाग पाहिले. सोनं गाळायचं दुकान बंद झाल्यावर त्रिशूरात दुसरं करायचं तरी काय? फोनवर नीट बोलणं होत नाही, मध्येच कोणीतरी मोडीचं सोनं घेऊन येतं. म्हणून लिहितोय.

माणूस खरा होता. जिल द मॉन्मोरान्सी-लावाल, इतिहासात जिल द रे म्हणून ओळखतात. जन्म साधारण १४०५ चा. इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धातली अझँकूरची लढाई २५ ऑक्टोबर १४१५ ची, म्हणजे तेव्हा हा दहा वर्षांचा पोरगा. मालिकेने त्याला वयाने मोठं करून राजघराण्याच्या पोरींबरोबर शाळेत बसवलंय. तिथली ती तापट ला इर आहे ना, ती खरा दांडगा पुरुष सरदार होता. फ्रेंच पत्त्यांत बदामच्या गुलामाला त्याचंच नाव आहे. म्हणजे रमी खेळताना आपण त्याला किती वेळा फेकला असेल! रिशमाँही पुरुषच, आणि शार्लोटच्या जागी खरा होता सातवा चार्ल्स. हे असले बदल मला खटकत नाहीत. गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी मुभा असावी.

लढाईतला भाग बराचसा खरा आहे. १४२९ मध्ये जान दार्क (जोन ऑफ आर्क) ओर्लेआंचा वेढा उठवायला निघाली तेव्हा जिल तिच्याबरोबर होता. ८ मे ला इंग्रज हटले, १८ जूनला पाते इथं त्यांची दाणादाण उडाली आणि १७ जुलैला रँसच्या कॅथेड्रलमध्ये चार्ल्सला राज्याभिषेक झाला. त्याच दिवशी जिलला फ्रान्सचा मार्शल केलं. पंचविशीही उलटली नसेल. पुढच्या वर्षी जान पकडली गेली आणि ३० मे १४३१ ला रुआँमध्ये तिला जिवंत जाळलं. त्यानंतरचा जिल मात्र मालिकेत मावणारा नाही.

बाई, तो किमयागार नव्हता. तो गिऱ्हाईक होता.

आमच्या धंद्यात हा फरक पहिल्या दिवशी कळतो. जिलकडे किल्ले आणि जमिनी एवढ्या होत्या की फ्रान्समधल्या बड्या धनिकांत त्याची गणती. पण खर्चाला धरबंध नव्हता. स्वतःचे घोडेस्वार, स्वतःचं देवघर, त्यात गाणारी मुलं. ओर्लेआंच्या विजयाचं प्रचंड नाटक १४३५ मध्ये स्वतःच्या पैशाने उभं केलं असं सांगतात. जमिनी विकत सुटला, तेव्हा घरच्यांनी राजाकडे धाव घेतली आणि त्याच वर्षी राजाने त्याच्या मालमत्तेच्या विक्रीवर बंदी घातली. विकायची वाट बंद झालेला पण हात सैल तो सैलच राहिलेला माणूस कुठे वळणार? सोनं करून देतो म्हणणाऱ्यांकडे.

पुढे त्याच्यावर खटला चालला, तेव्हाच्या कबुलीजबाबातली एक गोष्ट वाचून मी एकटाच हसलो. अंजे गावच्या एका सोनाराने किमया येते असं सांगितलं. जिलने त्याला एक मार्क चांदी दिली, म्हणजे पाव किलोला थोडी कमी. गड्याने खोलीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने जिलने जाऊन पाहिलं, तर तो दारू ढोसून आडवा झालेला!

मग १४३९ मध्ये इटलीतून फ्रांस्वा प्रेलाती आला. तरुण, शिकलेला, बोलण्यात गोड. तिफोजच्या किल्ल्यात भट्ट्या लावल्या, पाऱ्यावर प्रयोग झाले, भुतं बोलावली गेली. प्रेलातीने कोर्टात जबाब दिला की भुताने एकदा खोलीत सोन्याच्या लगडींचा ढीग करून ठेवला, पण जिल आत गेल्यावर हाताला लागला तो पिवळ्या बेगडाचा भुगा. विट्याच्या बाजारात पितळेच्या माळा 'खोदकामात सापडलेलं सोनं' म्हणून खपवणारे येतात, त्यांच्यात आणि ह्याच्यात मला काही फरक दिसला नाही. एवढंच की आपल्याकडचे भुताचं नाव घेत नाहीत. आणि सगळ्यात मजा म्हणजे जिल स्वतः म्हणतो, काम होत आलं होतं, पण युवराज लुई तिफोजला येणार म्हणून भट्ट्या मोडाव्या लागल्या. कुठल्याही फसलेल्या गिऱ्हाइकाला विचार, 'होत आलं होतं' हेच सांगतो.

हसण्यासारखं एवढंच. सप्टेंबर १४४० मध्ये त्याला धरलं ते मुख्यतः लहान मुलांच्या खुनांसाठी. गावोगावच्या आईबापांनी साक्षी दिल्या, त्याने कबुली दिली आणि २६ ऑक्टोबर १४४० ला नांतमध्ये त्याला फाशी देऊन जाळलं. छळाची धमकी देऊन कबुली घेतली, जमिनींवर डोळा ठेवून खटला रचला असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. मी काही इतिहासकार नाही, पण त्या साक्षी वाचून मला झोप लागली नाही. नायक म्हणून त्याला घेतलं याला माझी हरकत नाही, पण तू आता मोठी झालीस, नावामागे काय आहे ते तुला ठाऊक असावं असं वाटतं.

आता भट्टीबद्दल. मालिकेतला किमयागार अमृत शोधतो, शक्ती उसळते, प्रकाश पडतो. तो काहीही तोलत नाही. एकदाही खोकत नाही. मी तेच बघत बसलो होतो.

तू लहानपणी पाहिलंयस ते आठव. मोडीचे दागिने मुशीत टाकणखार घालून वितळवतो. त्यात चांदी अशी मिसळतो की सोनं एकूण वजनाच्या चौथाई उरावं. रस पाण्यात ओतला की दाणे होतात, ते तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) उकळायचे. तांबूस धूर निघतो, तेव्हा मी तुला बाहेर हाकलायचो. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं आणि तळाला सोनं राहतं, पण कसलं? चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहतं तेव्हा त्याचा चेहरा पडतो. धुऊन परत आटवलं की पिवळं होतं. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवायची. तोळ्याच्या हिशोबात घट किती आली ते शेवटी काटा सांगतो.

हे तेजाब वेगळं काढायला युरोपात साधारण १३०० च्या सुमारास शिकले, आणि शिकवलं ते भट्टीपाशी बसणाऱ्या याच लोकांनी. त्याआधी सोन्यातली चांदी काढायला मीठ आणि विटेची पूड लावून पत्रे दिवसेंदिवस भाजायचे. शिसं घालून हाडाच्या राखेच्या मुशीत कस काढायची रीत त्याहून जुनी, आणि ती हॉलमार्कच्या केंद्रात आजही चालते. त्या मुशीपुढे कोणाचं भूत टिकत नाही. शिसं सगळी भेसळ पिऊन राखेत उतरतं, वर मणी उरला तर उरला.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होतं. पोप बाविसाव्या जॉनने १३१७ मध्ये हुकूम काढला की खोटं सोनं करून खपवणाऱ्याने तेवढ्याच वजनाचं खरं सोनं गरिबांसाठी भरावं. हा दंड मला फार आवडला, आपल्याकडेही आणावा. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीने १४०४ मध्ये किमयेने सोनं-चांदी 'वाढवण्यावर' बंदीच घातली. भीती पापाची कमी, नाण्याची जास्त. पण त्याच शंभर वर्षांच्या युद्धात पैसा संपला की फ्रान्सच्या टांकसाळी काय करत होत्या? नाण्यातली चांदी काढून तांबं भरत होत्या. तुझ्या गोष्टीतली शार्लोट, म्हणजे खरा चार्ल्स, युवराज असताना यात सगळ्यांच्या पुढे. खरी किमया तिथं चालली होती, फक्त उलट्या दिशेने, आणि तिला कोणी जादूटोणा म्हटलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. पॅरिसमध्ये मॉन्मोरान्सी नावाच्या रस्त्यावर १४०७ चं एक दगडी घर आहे, शहरातलं सगळ्यात जुनं दगडी घर मानतात. ते बांधलं निकोला फ्लामेलने. तोच, परीस सापडला म्हणतात तो. प्रत्यक्षात तो हस्तलिखितांच्या नकला करणारा कारकून. बायकोचा पैसा, घरभाडी आणि काटकसर यांवर श्रीमंत झाला आणि १४१८ मध्ये वारला. घरावर कोरून ठेवलंय की इथं राहणाऱ्यांनी रोज मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणावी. सोनं केल्याची कथा त्याला चिकटली ती सतराव्या शतकात. बायकोच्या पैशावर मोठा झालेला माणूस दोनशे वर्षांनी जादूगार ठरतो! आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही कधी ठरताय?"

शिशाचं सोनं होतं, हेही तुझ्या सरांकडून ऐकलं असशील. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने २०२५ मध्ये जाहीर केलं की २०१५ ते २०१८ या काळात शिशाचे अणुगर्भ एकमेकांजवळून प्रचंड वेगाने नेताना सोन्याचे ८६ अब्ज अणुगर्भ तयार झाले. वजन २९ पिकोग्रॅम. माझ्या काट्यावर ते दिसणारही नाही, आणि क्षणात मोडूनही गेले म्हणे. एवढं सगळं होऊनही त्यांनी वजन सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

दिवाळीला विट्याला येशील तेव्हा तुझ्या कॉलेजच्या लॅबमधलं एखादं पुस्तक आण, तेजाबाचं समीकरण मला कधी कोणी लिहून दाखवलेलं नाही. मास्क लाव, प्रॅक्टिकलला उगाच शूरपणा नको. आणि पुढचे भाग तू पाहिले असशील तर एक कळव: राज्याभिषेकाच्या सकाळी सेंट रेमीच्या मठातून पवित्र तेलाची कुपी आणायला चार सरदार गेले, त्यांत जिल होता. मालिकेत त्याला पाठवलाय का?

तुझे,
आण्णा