९११च्या बारा प्लगांची हकीकत

स्टुटगार्ट, रविवार

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

‘एवढ्या महागड्या गाडीचे स्पार्क प्लग तू स्वतः बदललेस? हात नाही कापला?’ असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून नुसतं ‘हो’ म्हणून ठेवलं. आता सविस्तर लिहिते. मुक्तालाही वाचायला दे. तिला इग्निशन, म्हणजे ठिणगीनं पेट्रोल पेटवणं, शिकवतील, पण जळालेला प्लग हातात धरून बघायला कुणी सांगेल की नाही, शंका आहे.

गाडी तुला माहीत आहे. पोर्शे ९११, १९८९ साली आलेली ९६४ मालिका. मागच्या चाकांच्याही मागे ३.६ लिटरचं इंजिन, हवेनं थंड होणारं, सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. ताकद २५० अश्वशक्ती. आणि सहा सिलिंडरना प्लग बारा. वर्कशॉपवाल्यांनी मजुरीचा जो आकडा सांगितला तो प्लगांच्या किमतीच्या कितीतरी पट होता. पण खरं सांगू, पैसे नसते वाचले तरी मी हे काम स्वतःच केलं असतं. का ते पुढे येईल.

आधी बारा का, ते सांगते. या सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर आहे. इतक्या रुंद जागेत एका कडेला ठिणगी पडली, तर ज्योत दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात तिकडचं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपणहून भडकतं, आणि इंजिन खडखडायला लागतं. दोन बाजूंनी एकदम पेटवलं की ज्योतीला कमी अंतर कापावं लागतं. म्हणून तर कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११.३ ला १ इतकं ठेवता आलं. प्रत्येक सिलिंडरला एक प्लग वरून आणि एक खालून. त्यासाठी ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइल दोन, आणि ती वीज पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणारा डिस्ट्रिब्युटरही जोडीचा. त्या डिस्ट्रिब्युटरबद्दल शेवटी लिहिते, कारण त्यात तुझं काम आहे.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी खोलू देत नाहीत. इथे ‘मीटवेर्कश्टाट’ म्हणून जागा असतात, तासावर लिफ्ट भाड्यानं मिळते, अवजारंही. शनिवारी सकाळी गेले आणि गाडी उभी करून सरळ कॉफी प्यायला बसले. तासाचं भाडं चालू होतं, पण इंजिन पुरतं गार झाल्याशिवाय प्लगला पाना लावायचाच नाही. प्लग ज्यात बसतात ते हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियममधून पोलादी प्लग ओढून काढला की आटे सोबत येऊ शकतात. या गाडीत आटे गेले तर डोकेदुखी साधी नाही, कदाचित इंजिन खाली उतरवावं लागेल. सगळी भीती काय ती एवढ्या एका गोष्टीची असावी. बाकी प्लग तोच, स्कूटरला असतो तसाच: चिनीमातीची मान, मध्ये एक तार, खाली आटे.

वरच्या सहांसाठी एअर फिल्टरचा डबा आणि हीटरचा जाड पाइप बाजूला काढावा लागतो. मग हात कोपरापर्यंत आत जातो, डोळे नाही जात. प्लग दिसतच नाही, बोटांनी शोधायचा. पान्याची गोटी (प्लगवर बसणारं टोक) १६ मिलिमीटरची, आत रबर असलेली, आणि दोन लहान एक्स्टेन्शन. एक लांब घेतलं तर ते तिथे वळतच नाही. खालच्या सहांसाठी लिफ्ट वर घेऊन मागची चाकं आणि इंजिनखालचा पत्रा काढला. तिथे जागा जास्त आहे, पण मान मोडते.

पहिला नियम मी कागदावर लिहून खिडकीला चिकटवला होता: एका वेळी एकच वायर. ठिणगीचा क्रम १-६-२-४-३-५ आहे, आणि बारा वायरी एकसारख्याच दिसतात. वायर काढताना टोपी धरून ओढायची, वायर धरून नाही. मग हवेचा फवारा मारून प्लगच्या भोवतीची माती उडवायची, पाव फेरा सैल करायचा, पुन्हा हवा मारायची, आणि मगच पूर्ण काढायचा. रेतीचा एक कण आत पडला तर तो पिस्टनबरोबर फिरत बसणार.

आता माझ्या आवडीची गोष्ट. पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून ‘१ वर’, ‘१ खाली’ अशी नावं घातली होती, प्लग निघेल तसा त्या त्या भोकात. सगळे निघाल्यावर तो पुठ्ठा उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. सुध्या, अख्ख्या इंजिनाची प्रकृती त्या पुठ्ठ्यावर मांडलेली होती! वरचे सहा फिक्या तपकिरी रंगाचे, कोरडे. म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठीक आहे. काळी भुकटी असती तर पेट्रोल जास्त. टोक पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असतं तर इंजिन आत भाजतंय, आणि गाडी बाहेर काढायचीच नाही. खालच्यांपैकी काहींना तेलाचा ओलावा होता. यात घाबरण्यासारखं नसतं, कारण सिलिंडर आडवे असल्यानं गाडी उभी राहिली की तेल खाली जमतं आणि खालच्या प्लगला लागतं. पण पाचव्याचा खालचा मी वेगळा काढून ठेवला. त्याचं टोक स्वच्छ होतं, आणि तेल होतं वर, मानेला. टोकाला तेल असेल तर इंजिनाच्या आतल्या पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले असं समजायचं. मानेला असेल तर ते बाहेरून आलेलं, म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय. पहिलं काम मोठ्या खर्चाचं, दुसरं एका सकाळचं. वर्कशॉपमध्ये जुने प्लग कचऱ्यात जातात आणि बिल हातात येतं, ही बातमी तिथेच राहते. मला ही बातमी हवी होती. यासाठी मी स्वतः खाली झोपले.

नवे घातले बॉश एफआर५डीटीसी. इथे एक सापळा आहे, मुक्ताला नक्की सांग. आकडा उष्णतेचा असतो, पण बॉशमध्ये आकडा लहान तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, आणि एनजीकेमध्ये बरोबर उलट, आकडा मोठा तितका थंड. एका कंपनीचा आकडा डोक्यात ठेवून दुसरीचा प्लग घेतला तर इंजिनाचं वाटोळं होऊ शकतं. घालताना प्लगच्या मानेवर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि दोन बोटांनी फिरवला. आटे वाकडे धरले गेले तर नळीच घसरते, जोर लागूच शकत नाही. अगदी हातानं बसेपर्यंत पाना दूर. मग टॉर्क पाना. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये अशा प्लगला २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. चाकांच्या नटांना याच गाडीत १३० लागतात, त्यावरून कल्पना कर. आट्यांना ग्रीस मी लावलं नाही. त्यांना निकेलचा मुलामा असतो, आणि ग्रीसनं घर्षण कमी झालं की पाना तोच आकडा दाखवतो पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. शेवटी टोपीचं रबर नीट बसलंय ना, ते प्रत्येक ठिकाणी बोट फिरवून बघितलं. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनात पंख्याची हवा फटीतून निसटली तर ती थंडावा न देताच वाया जाते.

प्लगचं खोकं उघडताना मला नाशिकचं मायको सर्कल आठवलं. तुझ्या बाबांच्या चेतकला मायकोचाच प्लग असायचा, आणि कार्बन धरला की तू पॉलिश पेपरनं घासायचास. मायको म्हणजे १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली बॉशचीच कंपनी, हे मला इथे आल्यावर कळलं. आणि बॉशचं मूळ दुकान इथलंच, १८८६ सालचं. उच्च विद्युतदाबाच्या ठिणगीचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि त्याला जोडलेला प्लग, गॉटलोब होनोल्ड या त्यांच्या इंजिनिअरनं याच गावात १९०२ मध्ये तयार केला. बॉशचा फॉयरबाखचा कारखाना आणि पोर्शेचं त्सुफनहाउझन ही शेजारशेजारची उपनगरं. मी रोज त्या दोन स्टेशनांवरून कामाला जाते, पण शनिवारनंतर त्या पाट्या वेगळ्या वाटायला लागल्या.

किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात घेतलं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, जी बारीकशी थरथर होती ती गेली. रिकाम्या रस्त्यावर पिकअप बघितला, खालच्या आरपीएमला आता ओढ एकसारखी आहे. मला फार आनंद झाला रे, हे तुला सांगायला कशाची लाज!

आता तुझं काम. जोडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये एकच बाजू इंजिनावर फिरते, दुसरी आतल्या छोट्या दातेरी पट्ट्यावर. तो पट्टा आतल्या ओझोननं कुजून तुटतो. तुटला तरी गाडी चालत राहते, म्हणून कळत नाही. पण थांबलेला रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी वाटणारा फिरता भाग) ठिणगी भलत्याच सिलिंडरला, भलत्याच वेळी देत राहतो, आणि पिस्टन जाऊ शकतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना एका कॉइलची जोडणी काढायची, मग सुरू करून बघायचं, नंतर तेच दुसऱ्या कॉइलचं. दोन्ही वेळा चाललं पाहिजे. माझं चाललं. तरी तो पट्टा कधी बदलला याची जुन्या कागदांत नोंद नाही, आणि नोंद नसेल तर बदललेला नाही असंच मी धरते. डिस्ट्रिब्युटर खोलायला चार हात लागतात, त्यातले दोन बारीक कामाला सरावलेले हवेत. तू मे महिन्यात येतोयस ना? मी सुटा पट्टा आणि बेअरिंग मागवून ठेवते. येताना तुझा तो जुना पिन काढायचा पंच घेऊन ये, इथे तसा मिळत नाही. विमानात मात्र मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या नको.

काकूंना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझी,
वैजू