औषधशास्त्राच्या प्राध्यापकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीला नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू झाले तेव्हा मळमळ लगेच सुरू झाली, पण मनावरचे मळभ काही केल्या हटेना. त्रास आधी आणि गुण उशिरा, असे का, हे आपण मला सविस्तर समजावून सांगितलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

हे औषध पेशींभोवतालचे सेरोटोनिन, म्हणजे पेशींमधला एक संदेशवाहक रेणू, वाढवते. हा रेणू एकच असला तरी त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणारी पेशींवरील प्रथिने, सात कुळांत विभागलेले आणि किमान चौदा प्रकारचे आहेत, आणि कोणता रिसेप्टर कोठे बसला आहे यावर परिणाम ठरतो, हे मला आपल्याकडून कळले. गॅडम आणि पिकारेली या संशोधकांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावरील प्रयोगांतून दोन प्रकार वेगळे ओळखले, तेथून ही गणना वाढत गेली. यांपैकी ५-एचटी-३ (५-एचटी हे सेरोटोनिनचेच लघुनाव) हा एकटाच आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, मार्ग थेट उघडतो. बाकी सारे जी-प्रथिने या पेशीतील मध्यस्थांमार्फत, तुलनेने सावकाश काम करतात. आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूंवर आणि ओकारीचे नियंत्रण करणाऱ्या भागात ५-एचटी-३ मोठ्या प्रमाणात असतो, म्हणून मळमळ लवकर येते. ऑन्डॅनसेट्रॉन हे ओकारीवरील औषध त्यालाच रोखते.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते ५-एचटी-१ए या दुसऱ्या रिसेप्टरविषयीचे आपले विवेचन. मेंदूस्तंभातील राफे केंद्रकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी असतात आणि हा रिसेप्टर त्यांच्याच अंगावर ब्रेकसारखा असतो, हे आपण कागदावर पेशी काढून दाखवलेत. गोळीमुळे भोवतालचे सेरोटोनिन वाढले, की हा ब्रेक दाबला जातो आणि पेशींचे संदेश मंदावतात. पुढे काही आठवड्यांत रिसेप्टरची संवेदनशीलता घटते आणि पेशी पुन्हा पूर्वीच्या गतीने संदेश पाठवू लागतात. उशिराचे हे एकमेव कारण नव्हे, हेही आपण आवर्जून बजावलेत, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच आपल्या सांगण्यावर माझा विश्वास बसला. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागात मात्र हाच रिसेप्टर संदेश स्वीकारणाऱ्या पेशींवर असतो, त्यामुळे तेथे त्याची भूमिका निराळी, ही बाब मला आजही विलक्षण वाटते.

बहिणीने गोळी परस्पर बंद केली नाही. मळमळीबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून उपचार चालू ठेवले. हे विवेचन आपण मराठीत लिहून काढावे, म्हणजे अशी औषधे घेणाऱ्या इतर घरांनाही ते मिळेल, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची बहीण