पाच वेळा शिफ्ट: ही सोय बंद करू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणकावर शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की आवाज होतो आणि पडद्यावर एक चौकट उघडते. 'स्टिकी कीज' सुरू करायच्या का, असे ती इंग्रजीत विचारते. बहुतेक जण न वाचताच 'नो' दाबतात. पुढे कधीतरी संगणक दुरुस्त करायला आलेला मुलगा ती चौकट पुन्हा दिसणारच नाही अशी व्यवस्था करून जातो आणि कार्यालयात सगळ्यांना हायसे वाटते. मी बरीच वर्षे टंकलेखन संस्थेत शिकवत आलो आहे. ज्यांना या चौकटीची खरोखर गरज असते असे विद्यार्थी माझ्यासमोर बसून शिकले आहेत, म्हणून हे पत्र.

स्टिकी कीज सुरू असल्या की दोन-तीन बटणे एकत्र दाबण्याची गरज उरत नाही. आधी शिफ्ट दाबून सोडायचे, मग अक्षर दाबायचे. संगणक ती एकत्र दाबली असे धरून चालतो. कंट्रोल, आल्ट आणि डिलीटसुद्धा एकामागून एक दाबता येतात. ही सोय अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमधील संशोधकांच्या कामातून पुढे आली आणि 'विंडोज 95' पासून थेट विंडोजमध्येच मिळू लागली. म्हणजे गेली 30 वर्षे ती आपल्या टेबलावर फुकट पडून आहे. वेगळे यंत्र लागत नाही, निविदा काढावी लागत नाही.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला शिफ्ट लागते ती मुख्यतः वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावाला. मराठीचे तसे नाही. मराठी टाइप करण्याच्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड पद्धतीत ख, घ, छ, झ, ठ, ढ, ण, थ, ध, फ, भ, श, ळ ही सगळी अक्षरे शिफ्ट धरूनच येतात. अ, आ, इ, ई पासून औ पर्यंतचे स्वरही तसेच. साधे 'आई' लिहायचे तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट. दोन हात धड असलेल्याला हे जाणवतही नाही, बोटे आपोआप जातात. पण अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या माणसाला, संधिवाताने बोटे वाकलेल्या बाईला, हात थरथरणाऱ्या ज्येष्ठाला मराठीचे एक पान लिहिताना शेकडो वेळा तीच कसरत करावी लागते. एका हाताची करंगळी शिफ्टवर ताणून त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने लांबचे अक्षर गाठायचे. तासाभरात मनगट धरते. इंग्रजीसाठी तयार झालेली ही सोय मराठीला जास्त गरजेची आहे, आणि आपणच ती बंद करत सुटलो आहोत.

माझ्या एका विद्यार्थिनीची डाव्या हाताची बोटे लहानपणी कडबाकुट्टीत गेली. हुशार मुलगी, लिपिकाच्या परीक्षेची तयारी करत होती. आमच्याकडे स्टिकी कीजवर तिचा उजवा हात इतका छान बसला होता की शेजारची मुले थांबून बघायची. मग ती दुसऱ्या एका केंद्रात सरावाला गेली. तिथे पाच वेळा शिफ्ट दाबून काहीच झाले नाही, कारण ते सगळ्या संगणकांवर बंद करून ठेवले होते. तिने सांगितले तर 'सेटिंगला हात लावायचा नाही' असे उत्तर मिळाले. उरलेला तास तिने करंगळी ताणून काढला. वेग निम्म्यावर आला, तिचा दोष काहीच नसताना.

या सोयीत कच्चे दुवे आहेत, तेही मान्य केले पाहिजेत. विंडोजमध्ये मुळातच असे ठरवून ठेवलेले असते की दोन बटणे एकदम दाबली गेली तर स्टिकी कीज बंद व्हाव्यात. घरातले दुसरे कोणी येऊन नेहमीच्या सवयीने कंट्रोल आणि सी एकत्र दाबते, की सोय गेली. ज्याचा हात थरथरतो त्याच्याकडून शेजारची दोन बटणे सहज दाबली जातात. म्हणजे ज्याच्यासाठी सोय, त्याच्याच हातून ती बंद पडते. सेटिंगमधली एक खूण काढली की हा त्रास संपतो, पण ते सांगणारे कोणी नसते. दुसरे असे, की शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबले तर ते अडकून राहते. मग 'कमल' लिहायला गेले की 'खणळ' उमटते. माणूस घाबरतो, फाँट बिघडला म्हणतो, संगणक बंद करून परत चालू करतो. शिफ्ट आणखी एकदा दाबले की सगळे जागेवर येते.

सर्वात जास्त गोंधळ घालतात त्या 'फिल्टर कीज'. उजवीकडचे शिफ्ट आठ सेकंद दाबून धरले की त्यांची चौकट येते. फाइल कीबोर्डवर टेकली, विचार करताना बोट तिथेच राहिले, की झाले. घाईत एंटर दाबले जाते आणि त्यानंतर नेहमीच्या वेगाने टाइप केलेले काहीच उमटत नाही, बटण थोडा वेळ दाबून धरले तरच अक्षर येते. ज्याची बोटे नको तिथे पुन्हा पुन्हा पडतात त्याच्यासाठी हे वरदान आहे, कारण चुकून झालेला स्पर्श संगणक सोडून देतो. बाकीच्यांना मात्र कीबोर्ड मेला असे वाटते. असे कीबोर्ड अडगळीत टाकून नवे आणलेले मी पाहिले आहे. उजवे शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरले असते तर 'मेलेला' कीबोर्ड तिथल्या तिथे बोलू लागला असता. असा एखादा अनुभव आला की दुरुस्ती करणारा सगळेच शॉर्टकट बंद करून टाकतो. त्याचाही नाइलाज असतो, रोज त्याच तक्रारीसाठी त्याला कोण बोलावून घेणार? पण एका कर्मचाऱ्याचा दोन मिनिटांचा त्रास वाचवण्यासाठी दुसऱ्याचे काम कायमचे अडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा कायदा माहिती आणि संगणक सर्वांना वापरता यावेत यावर स्पष्ट बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे निकष नुसते शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे म्हटले. 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला. रॅम्प आणि लिफ्टला पैसा आणि जागा लागते हे मी समजू शकतो. इथे तर नुसते बंद केलेले चालू करायचे आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. शासकीय कार्यालये, सेवा केंद्रे, सार्वजनिक वाचनालये आणि संगणकीय परीक्षांची केंद्रे यांतील प्रत्येक संगणकावर पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर ती चौकट उघडलीच पाहिजे, आणि संगणक देखभालीचा करार करताना तशी अट त्यात लिहिली जावी. परीक्षेचे सॉफ्टवेअर कॉपी रोखण्यासाठी काही बटणे अडवते, ते ठीक. पण स्टिकी कीज आणि फिल्टर कीज त्यातून वगळाव्यात, आणि ज्या उमेदवाराने अर्जात दिव्यांगत्व नोंदवले आहे त्याला परीक्षेआधी आपली सेटिंग लावून पाहायला वेळ मिळावा. टंकलेखनाच्या अभ्यासक्रमात एक तास या बटणांना द्यावा, म्हणजे पुढे कार्यालयात बसणाऱ्या मुलामुलींना ती चौकट ओळखीची वाटेल.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी एक हात अधू झालेले कोणी असेल आणि त्यांनी टाइप करणे सोडून दिले असेल, तर आज त्यांच्या संगणकावर शिफ्ट पाच वेळा दाबून पाहा. चौकट आली तर 'येस' म्हणा आणि दोन बटणांची ती खूण तेवढी काढून टाका.

आपला विश्वासू,
टंकलेखनाचा एक शिक्षक, सांगली