वॉचमनचा माज

प्रिय सच्या,

परवा फोनवर तू म्हणालास की गरीब माणूस मुळातच मनाने चांगला असतो, परिस्थिती त्याला घडवते वगैरे. तेव्हा मी हो हो केलं पण पटलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

आपल्या बिल्डिंगचा वॉचमन आठवतो ना, त्याला पार्किंगमध्ये सोन्याचं ब्रेसलेट सापडलं आणि त्याने ते परत केलं. ग्रुपवर नुसता हारतुऱ्यांचा पाऊस, देवमाणूस काय, संस्कार काय. मग दिवाळीनंतर तोच देवमाणूस म्हणाला, बारा तासांची ड्युटी आहे, आठवड्याला एक सुट्टी द्या. तर लगेच 'माज आलाय त्याला'. माणूस तोच बरं का, फक्त आधी आपल्या फायद्याचा होता.

आणि हे आपल्या नाशकात नवीन थोडीच आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड इथला सगळा भार सांभाळत होते. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया, मागणी काय तर रामाचं दर्शन. बाहेर उभं राहून हात जोडत होते तोवर ती माणसं गुणाची होती, दारापाशी येऊन बसली तर धर्म बुडवणारी झाली! दारं बंद केली, रामनवमीला रथाच्या वेळी दगड पडले, आणि दगड मारणारे म्हणे धर्म राखत होते. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगूनच टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पंचवटीत लहानाचे मोठे झालो आपण, शाळेत यातलं किती शिकवलं सांग.

म्हणजे सोसणं हा सद्गुण कुणी ठरवला, तर ज्याला स्वतःला काही सोसायचं नव्हतं त्यानेच.

पण म्हणून हालअपेष्टांनी माणूस शुद्ध होतो हेही मला खरं वाटत नाही. आपला हाच वॉचमन आता सुपरवायझर झालाय आणि नवीन पोराला पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतो. मी विचारलं तर म्हणतो, 'साहेब, शिस्त पाहिजे.' शब्दसुद्धा आपल्या सेक्रेटरीचाच! राग आला, पण तो खुर्चीचा गुण आहे असं वाटतं, आपण बसलो असतो तर काय वेगळं केलं असतं देव जाणे.

असो. रविवारी मीटिंग आहे, आठवड्याच्या सुट्टीचा विषय मी पुन्हा काढणारे, त्या नवीन पोरासकट सगळ्यांसाठी. फ्लॅट तुझ्याही नावावर आहे, तेव्हा पुण्याहून का होईना, शनिवारपर्यंत ग्रुपवर तुझा होकार टाक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या