मनूला, नानकटाईचं प्रमाण

मनू,

तू नानकटाईचं प्रमाण मागितलंस म्हणून लिहितेय. तुझ्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं बाबांना कबूल करून बसलेय. काल तू फोन ठेवलास तेव्हा मलाही राग आला होता, पण रात्री झोप लागेना, मग उठून तुझ्या पार्सलची यादी करत बसले, शेवटी म्हटलं त्यापेक्षा सरळ लिहावंच.

तर तूप एक वाटी. घट्ट, रवाळ पाहिजे, पातळ केलेलं चालणार नाही, वितळलेल्या तुपाने खताई पसरते. तेवढीच पिठीसाखर. परातीत दोन्ही एकत्र करून तळहाताने फेटत राहायचं, एकाच दिशेने, तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत, दहा मिनिटं तरी लागतात, हात भरून येतो पण तिथे कंटाळा नको कारण सगळा खुसखुशीतपणा तिथूनच येतो. मग दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, सगळं चाळून थोडं थोडं घाल, वेलची-जायफळ घाल. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळा होत नसेल तर दूध-पाणी काही घालू नकोस, चमचाभर तूपच घाल. तुझा ओटीजी लहान आहे, वरची कॉइल जवळ येते, म्हणून ट्रे खालच्या खाचेत ठेव. १७० वर दहा मिनिटं आधी तापवून घे आणि मग १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच लागते, कच्ची राहिली समजून परत आत ढकलू नकोस, गार झाली की होते बरोबर.

आणि त्यातल्या तू स्वतः किती खाणार ते मला सांग.

बघ, आलंच. पण खरंच सांग ना. श्रुतीशी बोलले मी, तिच्यावर चिडू नकोस, मीच फोन केला होता. ती इतकं कौतुक करत होती तुझं, ऑफिसमध्ये कुणाचाही वाढदिवस असला की केक मनूचाच, गणपतीत सगळ्या टीमसाठी उकडीचे मोदक केलेस, कळ्या म्हणे एकसारख्या. ऐकून इतकं बरं वाटलं की मी समोरच्या काकूंना पण जाऊन सांगून आले. आणि मग तीच म्हणाली की काकू, ती स्वतःसाठी काहीच करत नाही, सकाळी कॉफी, दुपारी मीटिंग असली की परत कॉफी, रात्री मागवलं तर मागवलं नाहीतर ब्रेड. लिफ्टपाशी चक्कर आली तेव्हा पोटात काय होतं तर दोन कॉफ्या. मला हे तुझ्याकडून कळायला नको होतं का?

तुला भट्टी आठवते का गं, पंचवटीतली? वसुबारसेच्या आधी गेलं तर गर्दी कमी असायची म्हणून आपण संध्याकाळीच डबे घेऊन निघायचो. घरून तूप-साखर फेटून न्यायची, तिथे बाकड्यावर बसून मैदा घालायचा, काका काळे पत्रे द्यायचे आणि पत्र्याच्या कडेला खडूने आडनाव लिहायचे. किलोवर पैसे. तुझं काम एकच, प्रत्येक गोळ्यावर चारोळी दाबायची, आणि तू अंगठा इतका जोरात दाबायचीस की भाजून आल्यावरही तो खड्डा तसाच दिसायचा, मला खडूचं नाव वाचायची गरजच नसायची. काका लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवायचे आणि तू भट्टीच्या तोंडाशी उभी, गाल लाल होईपर्यंत, मागे ये म्हटलं तरी हलायची नाहीस. मोडलेली एखादी ते तुझ्या हातावर ठेवायचे आणि ती तू खायची नाहीस, रुमालात बांधून सोहमसाठी आणायचीस. सगळे म्हणायचे काय गुणाची पोर आहे. मलाही तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता तीच गोष्ट आठवली की पोटात कालवतं.

तू म्हणालीस, आई, अर्ध्या मुलींचं हिमोग्लोबिन कमीच असतं, त्यात एवढं काय. अर्ध्याहून जास्तच आहेत बाई. सरकारची ती कुटुंब आरोग्य पाहणी होते ना, २०१९-२१ची, त्यात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, बाबांनीच शोधून वाचून दाखवलं. पण सगळ्यांचंच कमी आहे म्हणून तुझं ८.६ चालेल हा कुठला हिशोब? बाराच्या वर पाहिजे. आठच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात, तू त्याच्या दारात उभी आहेस. आपल्या घरात आजी सगळ्यांची पानं उठल्यावर बसायच्या, भाजी संपली असेल तर चटणी आणि ताक, आणि कुणी वाढायला गेलं तर म्हणायच्या मला भूकच नाही. मंदामावशीपण हेच म्हणायची, काही नाही गं, नुसता थकवा. तुला सगळं माहितीये, मी परत सांगत नाही.

नाही लिहिणार म्हटलं होतं आणि लिहिलंच. सॉरी. तू मोठी झालीस, कमावतेस, तुला समजतं. पण आता लिहिलंच आहे तर दोन गोष्टी सांगून टाकते, मग खरंच गप्प बसते. डॉक्टरांनी दिलेली गोळी कॉफीबरोबर घेऊ नकोस, दुधाबरोबर पण नको, लिंबूपाण्याबरोबर घे, आणि जेवणानंतर तासभर तरी चहा-कॉफी नको, त्याने जेवणातलं लोह अंगाला लागत नाही. शी काळी झाली तर घाबरू नकोस, गोळीने होते. पालकाच्या स्मूदीवर भिस्त ठेवू नकोस, पालकातलं लोह शरीर फार कमी घेतं. त्यापेक्षा मसूर, हरभरे, मटकीची उसळ कर आणि ताटात लिंबाची फोड ठेव, आंबटाने लोह लागतं. अंडी खातेस ना अजून? दही रोज खा. बी-ट्वेल्व्ह पण तपासायला सांग.

लोखंडी कढई पाठवतेय, भांडी बाजारातून आणली, हाताला जड वाटेल पण घे. आधी तेल लावून मंद आचेवर तापव, पुसून घे, दोन-तीनदा असंच कर, मग वापर. टोमॅटो घातलेली उसळ तिच्यात चांगली, आंबटाबरोबर कढईचं लोह थोडं उतरतं. शिजलं की लगेच काढून ठेवायचं मात्र, नाहीतर काळं पडतं. घासून ओली ठेवलीस की गंजलीच.

माझ्या आजोळी सटाण्याला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे व्हायचे तेव्हा मी तुझ्या आताच्या वयापेक्षा बरीच लहान होते. अंगणात चूल, तिच्यावर पालथं खापर, आणि मामी पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत असा फिरवत वाढवायची की पलीकडची भिंत दिसेल त्यातून. धूर, ऊन, चूल, घामाने पदर भिजलेला. पण सटाण्याच्या आजीचा एक नियम होता, नैवेद्याचा मांडा बाजूला काढला की पुढचा करणारीचा. ती स्वतः ताटलीत मोडून, दूध-तूप घालून मामीच्या समोर धरायची, चार घास पोटात गेल्याशिवाय पुढचा उंडा हातात घेऊ द्यायची नाही. पुरुष पंगतीत वाट बघत बसलेत, आजोबा दोनदा खाकरलेत, तरी नाही. तुझ्या वेळेला ही आजी नव्हती, म्हणून तुला ठाऊक नाही. मला तुझ्यासाठी एवढंच पाहिजे मनू. केक कर, मोदक कर, सगळ्या बिल्डिंगला वाट, पण आधी तुझं ताट होऊ दे. संध्याकाळी साधी मुगाची खिचडी टाक, वर तूप, शेजारी लिंबू, कुणी पाहुणं आलेलं नसलं तरी. एकटीसाठी काय करायचं हे वाक्य मला परत ऐकवू नकोस.

दिवाळीला येत नाहीस त्याचा राग नाहीये. म्हणजे होता, आता नाही. ऑफिसचं रिलीज आहे, समजतं मला. तिथे मैत्रिणींबरोबर फराळ करणार आहेस हे तर मला आवडलंच, त्या केरळच्या मुलीला चकली सोऱ्याने पाडायला शिकव, ती तुला काहीतरी शिकवेल. सोहम म्हणतोय ताई नाही तर आकाशकंदील मी एकटा लावणार नाही, त्याचं बघते मी.

पार्सलमध्ये चिवडा वरती आहे, चेपू नकोस. बाजरीचं पीठ किलोभरच आहे, फार दिवस ठेवलं की कडू होतं, संपलं की तिकडे नाचणी चांगली मिळते ती आण. बुधवारी गंगेवरच्या, गोदाकाठच्या बाजारातून अळीव घेतलेत, ते छोट्या पुडीत आहेत, मेथीदाणे समजून फोडणीत टाकशील. लाडवांना अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजव, टम्म फुगतात, मग खवलेला ओला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर आटवत राहा, कडेने सुटायला लागलं की उतरव. ओल्या नारळाचे आहेत, फ्रिजमध्येच ठेव, चार-पाच दिवसांत संपव. आणि हे लाडू वाटायचे नाहीत. श्रुतीला एक दे, बाकी तुझे.

परत रक्त तपासायला कधी बोलावलंय ती तारीख आजच कळव, बाबा तिकीट बघतायत, मी चार दिवस आधी येऊन राहीन. नको म्हणू नकोस. तुझा ओटीजी पण बघायचाय मला.

आई